वीणेला मशीन लावण्याची सोपी रीत (नवशिक्यांसाठी)

हे मार्गदर्शन कोणासाठी आहे ते आधी सांगतो. गावच्या सप्ताहाच्या मीटिंगला तुम्ही उशिरा पोचलात, मागं खांबाला टेकून उभे राहिलात, आणि "वीणा काही ऐकू येत नाही, यंदा तिला मशीन लावा" असा विषय निघाल्यावर चुकून मान हलवलीत, तर ते तुमच्यासाठी आहे. मान हलवणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, हा आमच्या शिरूर तालुक्यातला जुना रिवाज. माझ्याही गळ्यात ते असंच पडलं. तोवर विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता होता.

मीटिंगहून घरी आल्यावर घाबरू नका. जेवून घ्या.

आता शब्दाची ओळख. मशीन म्हणजे अँप्लिफायर, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. मंडपाच्या कोपऱ्यात टेबलाखाली ते गरम होत बसलेलं असतं आणि त्याच्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवलेला असतो. प्रीअँप म्हणजे ह्या मशीनच्या आधी बसणारं लहान मशीन, साबणाच्या वडीएवढं. मीटिंगमध्ये हा शब्द वापरू नका. "प्री म्हणजे फुकट का?" असं विचारतात.

ह्या विषयावर मी जे जे वाचलं, त्यात वीणा कुठेच नव्हती. सगळीकडे डबल बास. डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन, जमिनीवर उभं करून वाजवतात. जुन्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात तो मागच्या रांगेत असायचा. शिरूरच्या बाजारात मी तरी तो पाहिलेला नाही. पण त्याचं दुखणं वाचताना मला आमची वीणाच दिसायला लागली. अंगानं मोठा, आवाजानं खोल आणि सगळ्या मैफलीचा पाया, पण शेजारी ढोल वाजायला लागला की आहे की नाही ते कळत नाही. समोर माईक धरावा तर माईक ढोलच ऐकतो. मग त्याच्या अंगालाच कान चिकटवायचा, आणि त्या कानाला प्रीअँप. डबल बासवाल्यांनी ह्या खटाटोपात हयाती घालवल्या आहेत. तुम्हाला सात दिवस मिळणार आहेत.

पायरी पहिली: वीणा नीट ओळखा.

ही सरस्वतीच्या फोटोतली वीणा नव्हे. वारकऱ्यांची वीणा गळ्यात अडकवून उभ्यानं वाजवायची. चार तारा, पडदे नाहीत, बोटांनी मोकळ्या तारा छेडत राहायचं. काम एकच, सूर धरून ठेवणं. पण सप्ताहात एकदा ती उभी राहिली की काल्यापर्यंत खाली टेकत नाही. सात दिवस गुणिले चोवीस तास, म्हणजे १६८ तास ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. ह्याला पहारा म्हणतात, आणि कोणाचा पहारा कधी ह्याची यादी देवळाच्या भिंतीवर लावलेली असते. ती यादी आजच वाचा. तुमचं नाव रात्री दोन ते चारला घातलेलं असेल.

सांगायचा मुद्दा, ह्या वाद्याला "जरा बाजूला ठेवा, वायर जोडतो" असं म्हणायची सोय नाही. जे करायचं ते सप्ताह बसायच्या आधी, नाहीतर चालत्या गाडीचं चाक बदलावं तसं.

आणि वीणेला भोक पाडायचं नाही. बारीकसुद्धा नाही. गिटारवाले आपल्या गिटारीला बिनदिक्कत भोक पाडून आत सर्किट बसवतात. इथं तसं केलंत तर पुढचा सप्ताह तुम्हाला दुसऱ्या गावात बघावा लागेल.

पायरी दुसरी: कान चिकटवा.

हा कान म्हणजे पिझो. नाव परदेशी असलं तरी तो तुमच्या स्वयंपाकघरात आहे. गॅसच्या लायटरचं बटण दाबल्यावर जी ठिणगी उडते, ती दाबल्या गेलेल्या पिझोची. काही स्फटिक दाबले की वीज देतात, हे झाक आणि पिएर क्युरी ह्या भावांनी १८८० साली दाखवलं. त्यातल्या पिएरची बायको पुढे अधिक गाजली. बाजारात पिझो पातळ पितळी चकतीच्या रूपात मिळतो, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, आणि चहा-भजीच्या पैशात. लाकूड थरथरलं की चकती थरथरते आणि तेवढीच बारीक वीज देते. हवेतला आवाज ती जवळजवळ ऐकत नाही, म्हणून शेजारच्या पखवाजाला फसत नाही.

चकती लावायची घोडीजवळ. तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात ती घोडी. आमचं अख्खं गाव घोड नदीच्या काठी, शिरूरला म्हातारी माणसं अजून घोडनदीच म्हणतात, त्यामुळे हा भाग आम्हाला लगेच पाठ झाला. घोडीला खेटून लावाल तर आवाज चिरका येतो, पत्र्यावर वाटाणे पडल्यासारखा. लांब भोपळ्यावर लावाल तर घुमतो आणि शिट्टीला आमंत्रण देतो. दोन बोटं अंतर ठेवा आणि मग अर्धं बोट इकडेतिकडे सरकवत बसा. डबल बासवाले ह्या अर्ध्या बोटावर एकमेकांशी बोलणं टाकतात असं वाचलं.

चिकटवण्याआधी लाकूड पुसावं लागतं. इथं अडचण येते. त्या लाकडावर कैक वर्षांचा बुक्का, गंध आणि तेलाचा हात आहे. तो पुसणारे तुम्ही कोण? मी हा प्रश्न गावातल्या सगळ्यात थोरल्या विणेकऱ्याला विचारला. त्यांनी स्वतःच्या उपरण्यानं पुसलं आणि ते उपरणं घडी घालून खिशात ठेवलं. तुम्हीही विचारा. चिकटवायला मेणाची गोळी बरी, निघताना खूण राहत नाही.

पायरी तिसरी: विहीर आणि मोटर.

ही खरी पायरी. बाकीच्या विसरलात तरी चालेल.

चकतीची वायर थेट मिक्सरला खुपसली की आवाज येतो. येतो, पण बरणीत कोंडलेल्या डासाचा. सगळे तुमच्याकडे बघतात. स्पीकरवाला म्हणतो, वायर खराब आहे. मग वायर बदलतात, डास तोच. ह्यात वायरीचा दोष नाही, विहिरीचा आहे.

एप्रिल-मेमधली आपली विहीर आठवा. तळाला पाणी आहे, पाझर आहे, पण बारीक. तिच्यावर साडेसात एचपीची मोटर चालू केली तर काय होतं? दोन मिनिटांत पाइपच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे आपला फुटबॉल, उघडा पडतो आणि मोटर हवा ओढायला लागते. विहिरीत पाणी नव्हतं असं नाही, ओढणारा दांडगा होता. पिझो म्हणजे ही विहीर. मिक्सरचं माईकचं भोक म्हणजे ती मोटर. अशा विहिरीला पोहरा हवा, हळूच बुडणारा, पाझराला धक्का न लावणारा. पोहऱ्यानं पाणी वर हौदात टाकायचं. मग हौदाला मोटर लावा, पाइपलाइन लावा, काहीही लावा. प्रीअँप म्हणजे हा पोहरा आणि हा हौद. शिरायच्या बाजूला कमीत कमी ओढणारा, निघायच्या बाजूला भरपूर देणारा.

ज्यांना आकड्यांशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी आकडे. २७ मिलिमीटरची चकती साधारण २० नॅनोफॅरडची असते. मिक्सरचं माईकचं भोक असतं २ किलोओमच्या आसपास. ह्या दोघांची गाठ घातली की ४,००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. १० किलोओमच्या लाइनच्या भोकात घातलं तर ८०० च्या खालचं. वीणेच्या चारही तारांचे मूळ सूर ह्या ८०० च्या बरेच खाली आहेत, म्हणजे सूर गेला आणि नखाचा आवाज तेवढा राहिला. हाच डास. आता तीच चकती १ मेगाओमच्या प्रीअँपला लावा. उतरण ८ हर्ट्झवर जाते, जिथं माणसाला काही ऐकूच येत नाही. डबल बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणून ते लोक मेगाओमच्या बाबतीत भलते हळवे असतात. काही जण १० पर्यंत जातात. आपल्याला १ पुरे.

तेव्हा पुण्याला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात की दुकानदाराला एकच विचारा, इनपुट किती मेगाओमचा? तो वॉटमध्ये उत्तर द्यायला लागला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. "साहेब, हे डीजेवाले नेतात" असं म्हणाला तर नमस्कारही करू नका. अकौस्टिक गिटारसाठी म्हणून जो डबा मिळतो तो वीणेला चालतो, वीणेला कुठं कळतंय. त्यावर बटणं जितकी कमी तितकं बरं. प्रत्येक बटण सप्ताहात किमान चाळीस माणसं फिरवून बघणार आहेत.

विकत घ्यायचा नसेल तर घरी जोडता येतो. टीएल०७२ नावाची आठ पायांची आयसी, दोनचार रेझिस्टर, दोनचार कपॅसिटर, संपलं. डाग देता येणारं पोरगं मात्र लागतं. आमच्या तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथं हातानं करत करत शिकवतात. तिथून शिकून आलेलं कोणी आसपास असेल तर त्याला आधी चहा पाजा, मग विषय काढा.

पायरी चौथी: बॅटरी.

प्रीअँपला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. चांगल्या अल्कलाइन बॅटरीत ५०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास जीव असतो. टीएल०७२ खाते २.८ मिलीअँपिअर. भागाकार केलात तर १७८ तास. सप्ताह १६८ तासांचा. हा हिशेब जमला त्या रात्री मला देव आहे असं वाटलं. कागदावरचा हिशेब आणि बॅटरी ह्यांचं पटत नाही, व्होल्टेज आधीच खाली येतं, हे नंतर कळलं, पण तो आनंद मी परत करणार नाही.

डब्यावर तांबडा दिवा असेल तर मात्र तो काढा. दिवा एकटाच ५ मिलीअँपिअर खातो, म्हणजे प्रीअँपपेक्षा त्याचं पोट मोठं. मग सगळं ६४ तासांत आटोपतं. सकाळी सहाला वीणा उभी राहिली असेल तर बॅटरी तिसऱ्या दिवशी रात्री बरोब्बर दहाला जाणार. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. सरकारला ही बॅटरी मानवेल, पण चौथ्या दिवशी सकाळी तुमचं काय?

पायरी पाचवी: तुणतुण्याची गोष्ट काढू नका.

कमिटीत तमाशाच्या फडात वावरलेला एखादा असतोच. कवठे येमाईसारखी तमाशाची गावं आमच्याच तालुक्यातली. तो म्हणेल, आमचं तुणतुणं बिनमशीनचं शेवटच्या माणसापर्यंत जातं, तुमच्या वीणेला काय धाड भरली? त्याचं बरोबर आहे. तुणतुण्याला चामडं असतं आणि त्याचा आवाज उंच, टोकदार. पण ह्यावर वाद घातलात तर मीटिंग बारा वाजेपर्यंत चालते आणि तो शेवटपर्यंत तेच तुणतुणं वाजवतो.

पायरी सहावी: वायर आणि नमस्कार.

ही पायरी कुठल्याच पुस्तकात नाही, कारण डबल बासवाला कार्यक्रम संपेपर्यंत एकाच जागी उभा असतो आणि आपला डबल बास दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाही.

वीणेचा पहारा बदलतो तो असा. नवा विणेकरी येतो, हातपाय धुतलेला. जुन्याच्या समोर उभा राहतो. जुना वीणा गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घालतो, आणि मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वय, भावकी, निवडणुकीतली बाजू काही पाहत नाहीत. सासऱ्याला जावयाच्या पाया पडताना मी पाहिलंय, सावकाराला कुळाच्या. बघण्यासारखं असतं ते.

आता ह्यात पाच मीटर वायर घाला. पहिल्या दिवशी सकाळी आठच्या पहाऱ्याला वायर जुन्या विणेकऱ्याच्या पाठीमागून आलेली होती. वीणा नव्याच्या गळ्यात गेली, वायर दोघांच्या मधून फिरली. दोघं एकदम वाकले. वायर ताणली. पिन निघाली आणि मंडपात असा काही फाडकन आवाज झाला की पंगतीच्या तयारीला बसलेल्या बायका बटाटे टाकून बाहेर आल्या. दोन्ही विणेकरी तोवर एकमेकांच्या पायांशीच होते, कारण वायर दोघांच्या मानेवरून गेली होती आणि आधी कोणी उठायचं ते ठरेना. मी पळत जाऊन सोडवलं. थोरल्यानं वर येताना मला एवढंच विचारलं, "तू कुणाच्या पाया पडणार आता?"

उपाय दोन. बिनवायरीचा ट्रान्समीटर घ्या आणि त्याची डबी वीणेच्या पट्ट्यालाच बांधा, कमरेला नको, नाहीतर वीणा पुढे जाते आणि डबी मागं राहते. किंवा प्रत्येक पहाऱ्याच्या आधी प्रीअँपवरचं म्यूटचं बटण दाबून, पिन काढून, नमस्कार झाल्यावर पुन्हा लावा. म्हणजे तुम्ही सात दिवस तिथंच. आम्ही दुसरा उपाय केला, कारण पहिल्याची पावती कोणी फाडेना.

पायरी सातवी: स्पीकरवाला.

ह्याच्याशी गोड राहा. त्याचे तीन विश्वास आहेत. एक, इकोशिवाय भक्ती नाही. दोन, शिट्टी आली की आवाज वाढवायचा. तीन, लो कट हे बटण कंपनीनं शोभेसाठी दिलंय. पहिल्या दोन्हींबद्दल बोलू नका. तिसऱ्यासाठी भांडा. साधारण ८० हर्ट्झच्या खालचं कापणारं हे बटण प्रीअँपवरच असेल तर उत्तम, त्याची परवानगी लागत नाही. पखवाजवाल्यानं कणीक लावलेल्या बाजूवर थाप दिली की अख्खं लाकडी स्टेज हलतं, टाळकरी पावली खेळायला लागले की आणखी हलतं, आणि ते सगळं चकती इमानदारीनं वर पाठवते. लो कट नसेल तर वीणेतून भूकंप ऐकू येतो.

काही डब्यांवर शून्यावर तिरकी रेघ मारलेलं एक बटण असतं. शिट्टी आली की ते दाबायचं. लाटेची उलटसुलट होते. कधी शिट्टी जाते, कधी दुसऱ्या सुरात येते. नवस बोलण्यासारखंच आहे, पण दाबावं.

आणि जनरेटर. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५० आणि १०० ची. पेटीवर पाहाल तर हा जवळपास पांढरी पाचचा सा, किंचित चढा. म्हणजे लाईट गेल्यावर मंडपामागं जे धडधडतं, ते एका पट्टीत सूर धरूनच असतं. हे लक्षात ठेवा, लागणार आहे.

पायरी आठवी: चालू करा.

आमच्याकडे चौथ्या दिवशी संध्याकाळी सगळं जमलं. चकती अर्धं बोट वर सरकवली, लो कट दाबलं, दिवा उपटलेला होता, स्पीकरवाला जेवायला गेला होता. कीर्तन उभं राहिलं आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत वीणा पोचली. स्वच्छ, गोल, कुठं डास नाही, कुठं पत्रा नाही. बुवांचा आवाज त्या सुरावर असा बसला की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. मी अध्यक्षांकडे पाहिलं. तेही माझ्याकडेच बघत होते, कपाळाला आठ्या. त्यांनी खूण करून जवळ बोलावलं आणि कानात म्हणाले, "कसली घूं-घूं चाललीय मघापासून? जनरेटर लांब न्या म्हणावं."

लाईट होती. जनरेटर बंद होता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, मग मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे, बघून घे.

मी बघून घेतलं. आवाज अर्ध्यावर आणला, मग आणखी थोडा खाली, मग अध्यक्षांच्या आठ्या गेल्या तिथं थांबवला. तिथं वीणा ऐकू येत होती का? विणेकऱ्याला येत होती.

पायरी नववी: रात्र.

दहाला मशीन बंद करा. पिन काढा. चकती राहू द्या, ती कोणाला काही करत नाही. घरी जाऊन दीडचा गजर लावा.

पहाऱ्याला निघताना टॉर्च घ्या आणि मोबाइलवर काहीतरी मोठ्यानं लावा. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, देवळाला जाणाऱ्या माणसात आणि इतरांत तो फरक करत नाही. हातपाय धुवा. समोरच्याला नमस्कार करा, ह्या वेळी वायर आडवी येत नाही. वीणा गळ्यात आली की भोपळा पोटाशी लागतो आणि दांडी खांद्याच्या हाडाशी. तारा छेडल्यात की आवाज आधी त्या हाडातून येतो, कानातून नंतर. १ मेगाओमचं असणार ते हाड.

मंडपात दोन ते चारला तुम्ही आणि बाजेवर घोंगडी पांघरून पडलेला एखादा म्हातारा, एवढेच असता. त्याला झोप लागली असं वाटून तुमचा हात थोडा मंदावतो. मग घोंगडीतून आवाज येतो, "वाजतीय ना रं?"

"वाजतीय की, आबा."

"मला इथवर येतीया."

पायरी दहावी: हिशेब.

चकत्या पाच आणा, तीन तुटतात. बॅटऱ्या दोन. पावत्या जपून ठेवा आणि काल्याच्या दुसऱ्या दिवशी कमिटीला द्या. प्रीअँप ह्या नावाचं खातं वहीत नाही. आमच्या खजिनदारानं तो "मंडप, बुक्का व किरकोळ" मध्ये घातला आणि बुक्क्याचा खर्च यंदा एवढा कसा, ह्यावर पुढच्या मीटिंगमध्ये पाऊण तास चर्चा झाली. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. मान हलवली नाही.